जनावराचा कागद

करवंदपाडा वनचौकी,
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय तेजल,

पाकीट बघून हसशील. पण इथे चौकीच्या छपरावर चढलं तरी फोनला एक दांडी मिळत नाही, आणि मिळालीच तर पलीकडून साहेबांचा आवाज येतो. म्हणून एकनाथच्या जीपमधून हे बेटेगावला धाडतोय, तुझ्या खोलीखालच्या दुकानात तो ठेवील. उत्तरही तसंच दे. पालघरच्या कॉलेजात मागच्या बाकावरून चिठ्ठ्या धाडायचीस, ती सवय मोडली नसेल अशी आशा आहे.

पहिलं म्हणजे आभार. ग्रामसभेत ती परवान्यांची सूचना मी वाचली असती तर तुझ्या पाड्याने जांभया दिल्या असत्या. मी समुद्रकाठच्या दांडी गावचा मांगेला. माझी बोली त्यांना अर्धी कळते आणि सरकारी मराठी मलाच अर्धी कळते. तू वारली घरातली पोर उभी राहिलीस, आपल्या बोलीत समजावलंस, आणि सगळे चिडीचूप ऐकत राहिले. शेवटी पाड्यातली ती राहीबाई एक शब्द न बोलता उठून गेली. तिला चूल पेटवायची घाई असणार.

सरकारी योजनांना तू नाक मुरडतेस हे मला माहीत आहे, पण मला ही नवी सोय मनापासून पटली आहे. भात उकरणारं रानडुक्कर मारायला रीतसर परवाना मिळाला, तर माणसाचा राग निवळेल. राग निवळलेला माणूस बिबट्याने नेलेली एखादी शेळी पोटात घालतो. चोरून फासे लावणंही थांबेल. साहेब म्हणतात, लोकांना थोडं दिलं की ते पुष्कळ सांभाळतात.

तुझे बाबा दुसऱ्याच दिवशी चौकीत आले. मी अर्ज लिहिला, त्यांनी अंगठा दिला. पाड्यातला पहिला परवाना देवूबाबांच्या नावाने निघेल, बघ.

येताना ओले बोंबील आण. सुक्यांचा वास घेऊन दिवस काढतोय.

तुझा,
इंद्रजीत

बेटेगाव,
१ सप्टेंबर २०२४

प्रिय इंद्रजीत,

ओले बोंबील एकनाथच्या जीपमधून डोंगरात पोचेपर्यंत त्यांचं काय होईल याचा विचार कर. मासेमाऱ्याच्या घरात जन्माला येऊन एवढं कळत नाही तुला.

आभार कसले मानतोस? मी दहा मिनिटांत उरकलं. तीनची जीप चुकली असती तर दुसऱ्या दिवशीची पाळी बुडाली असती. कंपनीत सध्या औषधाच्या पट्ट्या तपासायच्या टेबलावर माझ्यासकट चौघीच आहोत, त्यात एक बाळंतपणाला गेली. मी पिशवी बांधत होते आणि बाबा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. तीनदा विचारला. तीनदा हो म्हटलं. वय झालं आता त्याचं.

खरं सांगू? गावी गेले की मला दोन दिवसांत गुदमरतं. शेळी गेली तरी 'त्याचा वाटा' म्हणायचं, वाघोबाच्या दगडापुढे तांदूळ ठेवायचे आणि पुढच्या शेळीची वाट बघायची. लोक अर्ज करायला लागले, कायद्याने बोलायला लागले, हे मला तरी आवडलं. तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग.

आई म्हणते, इंद्रजीत वाळलाय. जेवत जा.

तेजल

करवंदपाडा वनचौकी,
३० ऑक्टोबर २०२४

प्रिय तेजल,

परवा वाघबारस झाली. तू आली नाहीस. दिवाळीत कंपनी बंद असते असं तूच सांगायचीस, म्हणून वाट पाहिली.

मागच्या वर्षी वाघोबाच्या दगडापाशी उभं राहायला जागा नव्हती. शेंदूर, नारळ, कोंबडा, आणि तुझ्या बाबांचं ते लांबलचक गाऱ्हाणं, 'आमच्या वाटंला येऊ नको, आमी तुझ्या वाटंला येत नाय.' या वर्षी जेमतेम वीस माणसं होती. देवूबाबांनी शेंदूर लावला आणि गाऱ्हाणं न घालताच मागे फिरले. मी जमनामावशीला विचारलं, तर तुमची ती शेजारीण म्हणाली, ''सरकारनं त्याला सोडला, आमी किती दिस धरून बसू?'' मी हसून सोडून दिलं. मला वाटलं, डुकराबद्दल बोलतेय.

एक गोष्ट तुलाच सांगतो. मागच्या आठवड्यात ओढ्याकाठी मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचे चार फासे सापडले. विचारलं तर सगळे तोंड वर करून म्हणाले, डुकरासाठी हायेत, आता चालतं ना. पूर्वी फासा लावणारा माणूस मला बघून पळायचा. आता तो मला चहा विचारतो. मी तारा गुंडाळून चौकीत टाकल्या आणि वर कळवलं नाही. परवान्यांचं काम नुकतं मार्गाला लागलंय, त्यात कशाला खोडा घालायचा?

तुझ्या बाबांच्या दोन शेळ्या बिबट्याने नेल्या. मी भरपाईचा अर्ज नेऊन दिला, तर म्हणाले, नको, कागद हाय माझ्यापाशी. परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवलाय त्यांनी.

सवड काढून ये.

इंद्रजीत

बेटेगाव,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय इंद्रजीत,

दिवाळीत जादा पाळी घेतली, म्हणून आले नाही. आईला सांगितलं होतं, तिने तुला सांगितलं नाही वाटतं.

तू उगाच काळजी करतोस. वाघबारशीला वीसच माणसं आली, तर बिघडलं काय? निम्मी तरणी माणसं बोईसरला कामाला आहेत. आणि बाबाने गाऱ्हाणं घातलं नाही याचा मला आनंदच झाला. सबंध आयुष्य त्याने त्या दगडापुढे हात जोडण्यात घालवलं. आता त्याच्या हातात कागद आहे, ताठ मानेने राहू दे त्याला.

तारांचं मात्र वर कळव. उद्या काही झालं तर तुझ्या नोकरीवर येईल.

तेजल

करवंदपाडा वनचौकी,
३ डिसेंबर २०२४

तेजल,

हे पत्र एकनाथ तुझ्या हातातच देईल. वाचून झाल्यावर त्याच्याबरोबर ये.

काल सकाळी तुझे बाबा चौकीच्या पायरीवर येऊन बसले. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. मला म्हणाले, ''इंद्रजीत, काम झालं. ये बघाया.'' मला वाटलं, डुक्कर.

वाघोबाच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर बिबट्या पडला होता. तिसऱ्या शेळीचं अर्धवट खाल्लेलं धड शेजारीच होतं. त्यात त्यांनी भातावर मारायचं औषध घातलं होतं. बिबट्याच्या अंगावर त्यांनी स्वतःचं पांघरूण घातलं होतं, आणि डोक्यापाशी तांदूळ ठेवले होते. मी म्हटलं, बाबा, हे काय केलंत? तर त्यांनी ती प्लॅस्टिकची पिशवी सदऱ्याखालून काढून माझ्या हातात दिली. ''कागद हाय ना. माझे पोरीनं वाचला.''

मी परवाना उघडून वाचला. रानडुक्कर, एक नग. असंच लिहिलंय. अक्षर माझंच आहे.

संध्याकाळपर्यंत साहेब, पोलीस, डॉक्टर सगळे आले. मी पंचनामा लिहिला. अटक मी केली. मीच करावी लागली. त्यांनी हात पुढे केले आणि मलाच धीर दिला, की पोर येईल, वाचून दाखवील, मग सोडतील.

इंद्रजीत

बेटेगाव,
१० डिसेंबर २०२४

इंद्रजीत,

मी त्याला पालघरच्या कोठडीत भेटले. तुला भेटले नाही. तुझ्याकडे बघवलं नसतं आणि माझ्याकडे तुला बघू द्यायचं नव्हतं.

आठ दिवस मी त्या ग्रामसभेतला माझा प्रत्येक शब्द आठवतेय. सुरुवातीला एकदा मी 'डुक्कर' म्हटलं. नक्की म्हटलं. पुढे घाईघाईत 'जनावर' म्हणत गेले. तरास देणारं जनावर. जनावर माराया कागद. जनावराचा अर्ज. बेटेगावात असंच बोलतात, कंपनीत असंच बोलतात. टीव्हीवर तरी दुसरं काय म्हणतात?

पण आमच्या पाड्यात डुक्कर हा डुक्कर असतो, ससा हा ससा. 'जनावर' एकच असतं, वाघ, मग तो पट्ट्यांचा असो की ठिपक्यांचा. त्याचं नाव तोंडावर आणायचं नसतं, म्हणून सगळे 'जनावर' म्हणतात. लहानपणी मला हे श्वासासारखं ठाऊक होतं. ''पोरी, बाहेर जाऊ नको, जनावर हाय,'' असं आईने म्हटलं की मी काय डुक्कर समजत होते? राहीबाई चूल पेटवायला गेली नव्हती, इंद्रजीत. वाघोबाला मारायचा हुकूम तिच्या पाड्याच्या पोरीने वाचला, ते तिला ऐकवलं नाही.

बाबाचा प्रश्न सांगू? ''जनावराचा बी कागद निघला?'' मी पिशवीची गाठ मारत होते. तीनदा हो म्हटलं. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कोठडीत मी त्याला विचारलं, पण बाबा, तू कसा मारलास? तू तर त्याचा भगत. तो म्हणाला, ''आदी शेळी गेली तर त्याचा वाटा म्हणून गप ऱ्हायचो. आता कागद घरात आन् शेळ्या त्याच्या पोटात. जमना हसली. पाडा हसला. गप बसलो असतो तर खुळा ठरलो असतो.'' तो मला समजावत होता. शांत आहे तो. जेवतो, झोपतो. सरकारनेच मोकळीक दिली म्हणजे देव रागावणार नाही, असं त्याने मनाशी पक्कं धरलंय. कागदाची वाट बघतोय.

आता तू सांग. पंचनाम्यात आणि जबाबात माझं नाव कुठेच कसं नाही? त्याने तर तुला ते सगळ्यात आधी सांगितलं होतं.

तेजल

दातिवरे,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय तेजल,

माझी बदली झाली. इथे खारफुटी राखायची आहे. समुद्र दिसतो, ओले बोंबील रोज मिळतात, घशाखाली उतरत नाहीत.

तुझं नाव मी गाळलं. तुला आत ओढतील, नोकरी जाईल, चिथावणी दिली म्हणतील, अशी भीती वाटली. मैत्रिणीसाठी केलं, असं स्वतःला सांगत होतो. पण खरं पुढेच आहे. तुझं नाव लिहिलं असतं तर माझंही लिहावं लागलं असतं. अर्ज लिहिताना मी त्यांना विचारलं होतं, बाबा, कशाचा तरास? ते म्हणाले, ''जनावराचा.'' आणि मी न थांबता लिहिलं, रानडुक्कर. पुढे एक शब्द विचारला असता तर तो बिबट्या आज जिवंत असता. कसं मारायचं, काय वापरायचं नाही, ते बारीक अक्षरांत छापलं होतं. तेही मी वाचून दाखवलं नाही.

मादी होती. हे तुला सांगितलं नव्हतं. तिला दूध होतं. पिल्लू एकच असावं, थोडं मोठं. ते सापडलं नाही.

आणि तारांबद्दल वर कळवलं नाही ते नाहीच. थोडं दिलं की लोक पुष्कळ सांभाळतात, हे माझं शहाणपण. आम्ही एक जीव मारायची परवानगी दिली, आणि लोकांच्या मनातून सगळ्याच जिवांची किंमत उतरली. हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं, तरी मी त्याला प्रगती समजलो.

मी वकिलांना भेटलो. कृष्णकांत चुरी, भले गृहस्थ आहेत. ते म्हणतात, तू आणि मी दोघांनी खरं सांगितलं तर जामीन नक्की मिळेल, पुढे खटलाही हलका होईल. मी सांगायला तयार आहे, नोकरी गेली तरी. पण ते भर कोर्टात सांगावं लागेल, देवूबाबांसमोर. जनावराचा कागद कधी निघालाच नव्हता, हे त्यांना तेव्हा कळेल. आज ते ज्या आधारावर शांत झोपतात, तो आपण काढून घेणार.

मला ठरवता येत नाही. मुलगी तू आहेस.

इंद्रजीत

बेटेगाव,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय इंद्रजीत,

तू कोर्टात होतास, सगळं पाहिलंस. तरी लिहिते, कारण नंतरचं तू पाहिलं नाहीस.

महिनाभर मी स्वतःशी भांडले. गप्प बसावं तर तो कागदाची वाट बघत आत म्हातारा होईल. बोलावं तर त्याच्या हातून काय झालं ते त्याला कळेल. मी त्याला बाहेर काढायचं ठरवलं. बाप घरी हवा, एवढंच मला कळत होतं.

मी साक्ष देताना तो माझ्याकडे बघत होता. 'जनावर' शब्दावर मी आले, तेव्हा त्याची मान हळूहळू खाली गेली आणि मग वर आलीच नाही. जामीन झाल्यावर जीपमधून येताना तो पाड्याच्या अलीकडे एकनाथला थांबवून उतरला आणि शेतातून लांबच्या वाटेने घरी गेला. वाघोबावरून जायची वाट त्याने सोडली आहे. आईने भाकरी वाढली तर म्हणाला, ''पिल्लू होतं तिचं, कमळे.'' डॉक्टरांचा अहवाल कोर्टात वाचला, तो त्याने बरोबर ऐकला होता.

तो माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तेजल

दातिवरे,
१७ मार्च २०२५

प्रिय तेजल,

चौकशी चालू आहे, अजून कामावर ठेवलंय. ते सोड.

माझ्या जागी विनोद नावाचा वनरक्षक आलाय. काल तो भेटला. म्हणाला, पाड्याच्या खालच्या बाजूला पुन्हा तारा सापडल्या, आणि या वेळी औषध घातलेलं मांसही. बिबट्याचं पिल्लू तिथेच फिरतंय, कोंबड्या नेतंय. त्याने लोकांना कायद्याचा धाक घातला तर ते म्हणाले, देवूला काय झालं? आला की घरी.

आपण त्यांना घरी आणलं, तेजल, आणि लोकांनी तोही परवानाच समजला. देवूबाबांच्या कानावर हे जाऊ देऊ नकोस.

इंद्रजीत

बेटेगाव,
२८ एप्रिल २०२५

प्रिय इंद्रजीत,

तुझं पत्र येण्याआधीच त्याच्या कानावर गेलं होतं. विहिरीवर जमनामावशी बोलली. त्या दिवसापासून तो रोज सकाळी रानात जायचा आणि तारांचं भेंडोळं घेऊन परत यायचा. त्याने लोकांना हात जोडून सांगितलं, कागद नव्हता, माझी चूक झाली. लोक हसून म्हणायचे, चूक झाली तर तू बाहेर कसा?

गेल्या आठवड्यात तारीख होती. चुरी वकिलांनी त्याला पढवलं होतं, विचारलं तर 'गुन्हा कबूल नाही' एवढंच म्हणायचं. न्यायाधीशांनी विचारलं. बाबा म्हणाला, ''कबूल हाय.'' त्यांनी पुन्हा विचारलं, समजतंय का काय बोलता ते? शिक्षा होईल. बाबाने हात जोडले. ''समजतंय. मी भाईर हिंडताना दिसतो तवर लोकांना वाटंल, जनावराचा कागद हाय. मला आत ठेवा, नायतर ते पिल्लू बी मारतील.''

वकिलांनी फाइल मिटली. तीन वर्षं. त्याहून कमी कायद्यात नाही, असं न्यायाधीशच म्हणाले. आई बाहेर बाकावर बसली होती. तिला वाटलं, लवकर आटपलं म्हणजे सुटला. ते तिला मीच सांगितलं.

तो बासष्ट वर्षांचा आहे. त्याला धाप लागते. ज्या बापाला मी एवढ्या मुश्किलीने बाहेर काढलं, तो स्वतःच्या पायांनी आत गेला, आणि तो बरोबर होता हे मला कळतं. कळून काय करू? मला जंगल नको, जनावर नको, माझा बाप हवा आहे. हे मी तुझ्याखेरीज कोणाला सांगू शकत नाही.

काल भेटीला गेले. जाळीपलीकडून त्याने आईची विचारपूस केली नाही, माझी केली नाही. पहिलाच प्रश्न, ''पिल्लू हाय ना?'' मला काहीच ठाऊक नव्हतं. मी हाय म्हटलं. तो किती दिवसांनी हसला, इंद्रजीत. पुढच्या महिन्यात तो पुन्हा विचारील. तू विनोदला बरोबर घेऊन रानात जा आणि ते जिवंत आहे का ते बघून मला कळव.

तेजल